आवाज माझा न्हाई

सातारा, २ जून २०२५

चि. शिवांजलीस आशीर्वाद.

तुझं लग्न मोडल्याचं नाथाजीदादानं फोनवर सांगितलं. सुपारी फुटून महिना झाल्यावर मोडलं म्हणजे ठरवून अपमान केला. कारण विचारलं तर हा तुझा बाप म्हणतो, "जाऊ दे, मंदा." फौजेत शत्रूची चौकी जवळ आल्यावरही हा 'जाऊ दे'च म्हणत असणार.

मला तीन गोष्टी लिहून कळव. मुलाची आई तुला नेमकं काय म्हणाली? तिचं माहेर कुठलं? आणि तू पुढं काय करणार आहेस? रडते आहेस असं लिहू नकोस, ते मला ठाऊक आहे. कागदावर लिही. एस.टी. स्टँडवरच्या माईकवर आयुष्य गेलं, आता कानाला फोन सोसत नाही.

तुझी,
मंदाआत्या

*

सांगली, ९ जून २०२५

ती. आत्यास नमस्कार.

रडत नाही. रडून झालं.

आष्ट्याच्या त्या बाईंचं नाव बनुबाई. पोराचं नाव जयराज. तो वाईट नाही, पण आई खोकली की हा गप्प बसतो. कुणीतरी त्यांना आमच्या बँडचा व्हिडिओ दाखवला. तोच, कॉलेजच्या मैदानावर मी गाते आणि मागं अनीशची गिटार आणि मल्हारचे ड्रम. बनुबाई आमच्या घरी आल्या, डोक्यावरचा पदर नीट केला आणि अगदी हळू, गोड आवाजात म्हणाल्या, "पोरगी गुणाची हाय. पन स्टेजवर बोंबलतीया. आमच्या घरात बाईचा आवाज उंबऱ्याभाईर जात न्हाई." चहाला हात लावला नाही.

माहेर लोणंदकडचं, एवढंच ठाऊक आहे.

पुढं काय करणार ते सांगते. एक गाणं करणार आहे. एकच, त्याला सिंगल म्हणतात. हार्ड रॉक. ऐकून आष्ट्यातल्या त्या घराची कौलं हलली पाहिजेत. बँडचं नाव 'चिपाड', रस काढून घेतलेल्या उसाचं. पण एक अडचण आहे. गिटार तयार आहे, ठेका तयार आहे, मी ओरडतेही; पण ऐकताना वाटतं, एखादी शहाणी मुलगी वक्तृत्व स्पर्धेत रागावली आहे. अनीश तर म्हणाला, "शिवा, तू शिवी देतानाही पाठीमागं 'प्लीज' म्हणतेस." मला खरा राग कसा काढायचा ते माहीतच नाही, आत्या. तो कुठं शिकवतात?

तुझी,
शिवा

*

सातारा, २० जून २०२५

चि. शिवांजलीस आशीर्वाद.

आपल्याच गावात शिकवतात. नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी ओढ्यावर जा.

तू लहानपणापासून पुण्या-सांगलीत वाढलीस, म्हणून लिहिते. ओढ्याच्या अलीकडं आपलं गाव. पलीकडच्या गावाला आपल्यात कुणी नावानं म्हणत नाही, 'पलीकड' म्हणतात. त्या दिवशी दोन्हीकडच्या बायका दोन काठांवर उभ्या राहतात आणि हलगीच्या तालावर एकमेकींना शिव्या घालतात. माहेरवाशिणी मुद्दाम त्यासाठी येतात. हलगी थांबली की तोंडं थांबतात. नियम एकच: काठावर बोललेलं काठावरच ठेवायचं, घरी न्यायचं नाही. म्हणून तिथं कुणीही कुणालाही काहीही म्हणतं आणि दुसऱ्या दिवशी त्याच बायका बाजारात शेजारी बसून भाजी विकतात.

तुझं यंत्र घेऊन जा. अलीकडच्या काठावर उभी राहा, पण माईक पलीकडं धर. आपल्या बायका आता मवाळ झाल्यात. आणि जायचं तर याच वर्षी जा.

मंदाआत्या

*

सांगली, ४ ऑगस्ट २०२५

आत्या, आत्या, आत्या!

मिळाला! मी आणि मल्हार मिळून गेलो होतो. पाऊस नव्हता, ओढ्याला गुडघाभर पाणी. हलग्या सुरू झाल्या आणि माझ्या हेडफोनमध्ये एकदम पन्नास बायका. सगळं गढूळ. आणि मग त्यातून एक आवाज वर आला. वर म्हणजे कसा, कढईतनं तेल उडावं तसा. यंत्राचा काटा लाल पट्ट्यात गेला. मल्हार हलगीवाल्याकडं बघत होता, तो वळून म्हणाला, "हे कोण गं?"

चेहरा दिसला नाही. पलीकडं सगळ्यांनी पदर नाकापर्यंत ओढलेले, हिरव्या लुगड्यांची नुसती रांग. पण ती ओळ ऐक:

"आगं ये फुटक्या घागरी! तुज्या चुलीत बेडकं बसू दे, तुज्या दारात कुत्रंबी न्हाई मुतायचं!"

'न्हाई'वर ती आवाज असा फाडते की विश्रामबागच्या स्टुडिओत अनीशनं गिटार खाली ठेवली. नंतर त्यानं त्याच फाटलेल्या सुरावर सगळं गाणं पुन्हा बांधलं. आता हलगीवर सुरू होतं, त्यावर ड्रम चढतात, मग गिटार, मग मी. आणि माझं कडवं संपलं की ती. मी तिला उत्तर द्यायला लागले तसा माझाही आवाज सुटला. 'प्लीज' गेलं! गाण्याचं नाव 'पलीकड'.

सोबत पेनड्राइव्ह पाठवते. शेजारच्या गंगाधरकाकांच्या कॉम्प्युटरवर ऐक. पण एक आहे. अनीश म्हणतो, आवाज कुणाचा ते शोधून परवानगी घ्यायला हवी, नाहीतर तक्रार आली की गाणं काढावं लागेल.

शिवा

*

सातारा, ९ ऑगस्ट २०२५

चि. शिवांजलीस,

ऐकलं. तीन वेळा. गंगाधररावांनी चौथ्या वेळी स्वयंपाकघरात जाऊन दार लावून घेतलं.

तो आवाज ठेव. परवानगीची गरज नाही. शोधत बसू नकोस.

मंदाआत्या

*

सांगली, २५ ऑगस्ट २०२५

आत्या,

मी शोधला.

पलीकडच्या देवळाच्या कट्ट्यावर रंगुबाई म्हणून एक म्हातारी बसली होती. तिला मोबाईलवर ऐकवलं. तिनं कानाला लावायच्या आधीच हसायला सुरुवात केली. "आवं, ही तर आमची बनी! आष्ट्याला दिलीया न्हवं का! दरसाल येतीया. तिकडं सांगतीया, माहेरच्या देवाला जाती म्हनून. चाळीस वरसं झाली, तिच्यापुढं कोन टिकलं न्हाई." मग माझ्याकडं बघून म्हणाली, "तू अलीकडची दिसतीस. नाथाजीची का? मग तुज्या मंदाआत्याला इचार की. तिला ठावं हाय."

म्हणजे ज्या बाईनं मला 'बोंबलते' म्हणून नाकारलं, तीच माझ्या गाण्यात बोंबलते आहे. मी बसस्टॉपपर्यंत हसत आले. मग हसू थांबलं. तू पहिल्याच पत्रात तिचं माहेर विचारलं होतंस. 'याच वर्षी जा' म्हणालीस. 'माईक पलीकडं धर' म्हणालीस. तुला सगळं माहीत होतं. हे माझं गाणं आहे, आत्या. त्यात तू तुझं कुठलं भांडण घातलंस ते मला सांग. नाहीतर मी तो आवाज आजच काढते.

शिवांजली

*

सातारा, २९ ऑगस्ट २०२५

चि. शिवांजलीस,

विचारलंस ते बरं केलंस. सांगते.

१९८३ साली मी बी.ए. झाले. गावातली पहिली. इस्लामपूरच्या एका शिक्षकाशी माझं ठरलं होतं. माणूस बरा होता, पत्रं लिहायचा. त्या श्रावणात बनी समोरच्या काठावर होती, नुकती लग्न होऊन आष्ट्याहून माहेरी आलेली. ती ओरडली, "मंदी लोणंद स्टेशनच्या बाबूसंगं पळाली हुती, चार दिसांनी परत आनली!" सगळा काठ हसला. मीही हसले. मी तिला उत्तर देणार तेवढ्यात हलगी थांबली.

इस्लामपूरचे ते लोक तिच्या सासरच्या नात्यातले. चार दिवसांनी ती त्यांच्या घरी गेली, माजघरात बसली आणि तेच वाक्य हळू, गोड आवाजात, मंगळसूत्राला हात लावून सांगितलं. पत्रं थांबली. मी कुणासंगं पळाले नव्हते, हे शाबीत करायला मला कुणी बोलावलंच नाही. मी साताऱ्याला एस.टी.त लागले. पुढचं तुला ठाऊक आहे.

ओढ्यावर शिव्या दिल्याबद्दल माझी तक्रार नाही. ती काठावरचं घरी घेऊन गेली. आणि यंदा तुझ्या बाबतीत तोच हळू आवाज घेऊन तुमच्या माजघरात बसली. तुझ्या बापाला ती कोण ते माहीत होतं. त्याला वाटलं, जुनं झालं. मला त्यानं 'आष्ट्याचे लोक' एवढंच सांगितलं.

परवानगी हवी म्हणतेस ना? मी मागितली आहे. आजच टाकलेल्या पत्राची नक्कल देते:

"सौ. बनुबाई हंबीरराव यांस. माझी भाची शिवांजली हिच्या गाण्यात ओढ्याच्या पलीकडचा एक आवाज आहे. तुमच्या माहेरचे लोक तो तुमचा म्हणतात. तुमचा असून चालत असेल, तर तसं लिहून सही करावी, गाण्यावर तुमचं नाव घालू. तुमचा असून चालत नसेल, तर तसं लिहून सही करावी, आवाज काढू आणि का काढला ते विचारील त्याला सांगू. तुमचा नसेल, तर तसं लिहून सही करावी. अनंत चतुर्दशीपर्यंत उत्तर न आल्यास मी स्वतः आष्ट्याला येऊन तुमच्या सोप्यात बसलेल्या मंडळींना विचारीन. कळावे. मंदाकिनी."

बाईचा आवाज उंबऱ्याबाहेर जात नाही म्हणाली ना? कुठल्या दारानं बाहेर पडते बघू.

मंदाआत्या

*

सांगली, ३ सप्टेंबर २०२५

ती. आत्यास नमस्कार.

पत्र अनीश आणि मल्हारला वाचून दाखवलं. मल्हार म्हणाला, "तुझ्या आत्याला बँडमध्ये घ्या."

माझीही तीच अट आहे. मी आवाज ठेवते. पण तुझा सूड माझ्या माईकमागं लपून घ्यायचा नाही. बनुबाई ओरडून थांबतात तिथं आम्ही सगळी वाद्यं बंद केली आहेत. तिथं जागा आहे. १९८३ साली हलगी थांबली म्हणून जे राहिलं, ते तिथं बोल. तुझ्या स्टँडवरच्या आवाजात बोल. रविवारी मी साताऱ्याला येते.

शिवा

*

आष्टा, ४ सप्टेंबर २०२५

श्री.

मंदाकिनीताई यांसी बनुबाईचा नमस्कार.

तुमचं पत्र पोचलं. आमी देवाधर्माची मानसं. मी माहेरला जाती ती देवाला जाती. वड्यावर कोन उभं ऱ्हातं, कोन काय बोलतं, आमाला ठावं न्हाई. तुमी म्हनता तो आवाज माझा न्हाई. आमच्या घरात कुनाचा असा आवाज न्हाई. पुन्यांदा इचारू नये. जयराजचं लगीन दुसरीकडं ठरलं हाय, कार्तिकानंतर हाय. तुमच्या पोरीलाबी चांगलं स्थळ गावावं.

सौ. बनुबाई

*

सांगली, १६ ऑक्टोबर २०२५

आत्या,

गाणं काल बाहेर आलं. बनुबाईंनी 'माझा न्हाई' असं लिहून दिलं, म्हणून अनीशनं आवाजाच्या नावांत लिहिलंय: शिवांजली, मंदाकिनी, आणि 'पलीकडची एक अनोळखी बाई'.

लोक सगळ्यात जास्त तुझ्यावर हसतात, माहीत आहे? बनुबाईंची आरोळी, सगळं शांत, आणि मग तुझा तो थंड आवाज: "प्रवाशांनी लक्ष द्यावे. आष्ट्याकडे जाणारी गाडी रद्द करण्यात आली आहे. कारण बाईंना विचारावे." आणि पुन्हा धडाधडा गिटार. सांगलीच्या रिक्षांत वाजतंय. माझ्या ऑफिसात माती तपासायला आलेला एक शेतकरी मला म्हणाला, "ती कुत्र्याची तुमीच का वो म्हनला?" गाण्याचं नावच पडलंय 'कुत्र्याची'.

तरी अजून माझं समाधान नाही. आष्ट्याच्या त्या घरात हे पोचलं का, कुणास ठाऊक.

शिवा

*

सांगली, ३० नोव्हेंबर २०२५

आत्या,

पोचलं.

मल्हार पोटासाठी लग्नाच्या वराती वाजवतो. शुक्रवारची सुपारी आष्ट्याची होती. जयराजच्या वरातीची! मल्हारला गाडीत बसेपर्यंत माहीत नव्हतं. तो शपथेवर सांगतो की त्यानं स्वतः काही केलं नाही. वरात दाराशी आली. बनुबाई ओवाळायचं ताट घेऊन उंबऱ्यात उभ्या. आणि जयराजचे मित्र ओरडायला लागले, "लाव रं ती कुत्र्याची! लाव गड्या!"

लावली. गाणं कुणाचं ते तिथं बनुबाईंशिवाय कुणालाच ठाऊक नव्हतं. सगळी गल्ली नाचली. हंबीरराव फेटा सांभाळत नाचले. 'तुज्या दारात' आलं की पोरं हात करून बनुबाईंच्या दाराकडं दाखवायची. नव्या सुनेला सगळे शब्द पाठ, ती मुंडावळ्या बांधून ओठ हलवत होती. बनुबाई म्हणाल्या, "बंद करा ते." जयराज हसून म्हणाला, "आई, लय गाजलंय ते! तुला काय कळतंय त्यातलं!" आयुष्यात पहिल्यांदा तो आईला उलटून बोलला असेल.

मग कुणीतरी पोरगं म्हणालं, "काकू, ही पुन्याची कोन पोरगी हाय म्हनं, शिकलेली, लय भारी आवाज हाय." तेव्हा त्यांच्या तोंडून निघालं, "पुन्याची?" एवढंच. पण मल्हार म्हणतो, त्यांचा तो चेहरा त्यानं कुठल्याच वरातीत बघितला नाही.

मला वाटलं होतं मी नाचेन. मी नुसती बसून राहिले. पण बरं वाटलं. खोटं कशाला लिहू.

शिवा

*

आष्टा, २२ डिसेंबर २०२५

मंदे,

आता ताई न्हाई आन काई न्हाई.

सून रोज ते लावती. पोळ्या लाटताना लावती, धुनं धुताना लावती. मला शिकवती, "आई, 'न्हाई'वर असा गळा काडायचा." मला! माझा गळा मला शिकवती! आन म्हनती पुन्याची हाय. काल हंबीररावबी म्हनलं, काय पोरीचा घसा हाय, आमच्या बायकांत असला दम कुटं. चाळीस वरीस मी त्येंच्याम्होरं हळू बोलती, त्येंला वाटतं मला घसाच न्हाई.

आवाज माझा हाय. तुला ठावं हाय, पलीकडल्या सगळ्यास्नी ठावं हाय. माझं नाव घाल त्याच्यावर. बनुबाई हंबीरराव, असं पुरं घाल. मग घरचं काय म्हनायचं ते म्हनू देत.

आन तुला आयकायचंच आसंल तर आयक. त्या साली तू वड्यावर आलीस, तुज्या मनगटाला घड्याळ हुतं. मला चौथीत शाळंतनं काडली, तू बीए. माझं डोस्कं फिरलं. म्हनून इस्लामपुरात बोल्ले. तुज्या पोरीचंबी तसंच. ती स्टेजवर उभी ऱ्हाऊन वरडती, आन मी वरसातनं एक दिस, पदराआड. झालं? आता नाव घाल.

बनी

*

सांगली, २ जानेवारी २०२६

ती. आत्यास नमस्कार.

बनुबाईंचं पत्र तू पाठवलंस ते वाचलं. दोनदा. आत्या, मला त्यांचं नाव घालावंसं वाटतं. माफ केलं म्हणून नाही. तो आवाज खरंच त्यांचा आहे आणि माझं गाणं त्याच्यावर उभं आहे. अनीश म्हणतो, नाव बदलणं दोन मिनिटांचं काम. पण 'आवाज माझा न्हाई' हे सहीचं पत्र तुझ्याकडे आहे, म्हणून तुला विचारते. तू नको म्हणालीस तर थांबते.

शिवा

*

सातारा, ९ जानेवारी २०२६

चि. शिवांजलीस,

थांब. श्रावण झाला की तुला हवं ते कर. गाणं तुझं आहे, मी अडवणार नाही. बनुबाईला आज उत्तर टाकलं, त्याची नक्कल खाली देते. आणि यंदा नागपंचमीला रजा काढ, मला ओढ्यावर धरून न्यायला कुणीतरी लागेल, काठ निसरडा असतो.

"बनुबाई यांस. पत्र मिळालं. घड्याळाबद्दल खरं लिहिलंस, ते वाचलं. ते घड्याळ माझ्या वडिलांनी उसाची एक खेप विकून घेतलं होतं. लग्न मोडल्यावर मी ते काढून ठेवलं, आणि पुढं सगळी नोकरी स्टँडवरच्या घड्याळावर काढली.

नाव मिळणार नाही. ४ सप्टेंबरच्या पत्रात 'तो आवाज माझा न्हाई' असं तू लिहून दिलंस, खाली तुझी सही आहे. मी पळाले नाही असं मला कुणाला लिहून देता आलं नाही. तुला विचारलं होतं, कागद होता, मुदत होती. तू उत्तर दिलंस. आता रोज सुनेकडून गळा शीक.

तरीही नाव हवंच असेल, तर नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी ओढ्यावर ये. सुनेला आण, हंबीररावांना आण, पदर खाली घे. यंदा अलीकडच्या काठावर मी असेन. हलगी वाजवणाऱ्याला मी सांगितलं आहे, माझं संपल्याशिवाय थांबायचं नाही. तिथं मी तुझं नाव घेईन, पुरं, माहेरच्या आडनावासकट, आणि माईक न लावता घेईन.

मंदाकिनी."